तीनशे मिलिमीटरला ही लेन्स सॉफ्ट आहे का?

७०-३०० मिमीची एक टेलिफोटो झूम लेन्स घ्यावी की नाही हे ठरवायला मला सहा आठवडे लागले आणि त्यांतले पहिले चार आठवडे मी चुकीचा प्रश्न घेऊन बसले होते. ही लेन्स चांगली आहे का, असे मी विचारत होते. तिला साधारण नऊशे जणांनी रेटिंग दिले होते, सरासरी ४.५ होती आणि तरीही अभिप्राय वाचायला घेतले की ही सगळी माणसे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत यावर विश्वास बसत नसे. एकाने लिहिले होते की ३०० मिमीलासुद्धा पक्ष्याच्या पिसाचा तंतू न् तंतू वेगळा दिसतो. त्याच्या लगेच खाली दुसऱ्याने लिहिले होते की २०० मिमीच्या पुढे ही लेन्स वापरण्याजोगी नाही, सगळे काही धुक्यातून पाहिल्यासारखे पुसट येते, म्हणजेच ती "सॉफ्ट" आहे. दोघांनीही फोटो जोडले होते आणि दोघांचेही फोटो ज्याच्या त्याच्या म्हणण्याला दुजोरा देत होते. म्हणजे कोणी खोटे बोलत आहे असे म्हणून यातून सुटका होणार नव्हती.

माझी गरज मोठी नव्हती, पण नेमकी होती. मी प्रामुख्याने लहान पक्ष्यांचे फोटो काढते आणि अधूनमधून दूरच्या इमारतींवरचे बारकावे टिपते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरचा, मिररलेस म्हणजे आरसा नसलेला आहे. ही लेन्स मात्र मुळात डीएसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी घडवलेली, त्यामुळे ती मला ॲडॅप्टर लावूनच वापरता येणार होती. हा तपशील सुरुवातीला मला केवळ गैरसोयीचा वाटला होता. अभिप्रायांतला बराचसा गोंधळ याच तपशिलाने उलगडेल, हे तेव्हा ध्यानातही आले नव्हते.

सुरुवात मी बहुतेकजण करतात तिथूनच केली, म्हणजे सरासरीपासून. माझ्यासमोर दुसरी एक लेन्स होती, जवळपास त्याच फोकल लेंग्थची (लेन्स दूरचे किती जवळ आणते ते सांगणारा मिमीचा आकडा). तिची सरासरी ४.८ होती, पण अभिप्राय फक्त १२ होते. ४.८ हा आकडा ४.५ पेक्षा मोठा, एवढ्यावर मी जवळजवळ तिच्याकडे वळले होते. मग कागद घेऊन एक साधा हिशेब केला. या प्रकारातल्या ज्या लेन्स मी चाळल्या होत्या त्यांचे रेटिंग ४.३ च्या आसपास घुटमळत होते, म्हणून दोन्ही लेन्सना ४.३ रेटिंगचे प्रत्येकी २० काल्पनिक अभिप्राय जोडून सरासरी पुन्हा काढली. बारा अभिप्रायांची लेन्स ४.८ वरून ४.४९ वर उतरली आणि नऊशे अभिप्रायांची होती तिथेच, ४.५० वर राहिली. थोड्या मतांवर आधारलेली सरासरी अशी सर्वसाधारण पातळीकडे ओढून घेण्याची रीत संख्याशास्त्रात रुळलेली आहे, तिला बेझियन सरासरी म्हणतात. काल्पनिक अभिप्राय २० ऐवजी १० धरले तर बारा अभिप्रायांची लेन्स ४.५७ वर, म्हणजे किंचित पुढेच राहते, हेही मी करून पाहिले. एवढ्याशा गृहीतकाने ज्या फरकाचे पारडे इकडचे तिकडे होते, त्या फरकावर खरेदीचा निर्णय सोपवण्यात अर्थ नव्हता.

दुसरा हिशेब मला अधिक अस्वस्थ करणारा ठरला. समजा, एखाद्या लेन्सच्या दर दहा नगांमागे एक नग सदोष निघतो. तरीसुद्धा सहज उचललेले बाराच्या बारा नग निर्दोष निघण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे २८ टक्के असते. याचा अर्थ असा की बारा आनंदी ग्राहक पाहून "या लेन्समध्ये खराब नग निघतच नाहीत" असे म्हणता येत नाही. उलट, नऊशे अभिप्रायांच्या लेन्सखाली तक्रारींची लांबलचक रांग दिसते, त्याचे एक कारण इतकेच असू शकते की तिथे रांगेत उभी राहायला माणसे जास्त आहेत.

तेव्हा सरासरी बाजूला ठेवली आणि अभिप्राय एकेक करून वाचायला घेतले. एका वहीत रकाने आखले: कॅमेरा कोणता, सेन्सर केवढा, फोकल लेंग्थ, अपर्चर (लेन्सचे छिद्र केवढे उघडले, एफ/ पुढचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान), शटर स्पीड, विषय किती अंतरावर, कॅमेरा हातात की ट्रायपॉडवर आणि फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) की जेपेग. ज्या अभिप्रायातून यांपैकी निदान तीन रकाने भरता येतील तोच वहीत उतरवायचा, असा नियम केला. असे १४० अभिप्राय वाचले, त्यांतून वहीत आले ४०. उरलेले शंभर निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्यावरून काचेविषयी काही कळत नव्हते. कोणी खोके चेपलेले आले म्हणून एक स्टार दिला होता. कोणी पार्सल उघडून दोन तासांत पाच स्टार दिले होते, त्या आनंदात लेन्सची चाचणी कुठेच नव्हती. काही अभिप्राय तर याच लेन्सच्या आधीच्या आवृत्तीचे होते. नाव तेच, फोकल लेंग्थ तीच, पण आतली रचना वेगळी आणि दोन्हींची मते एकाच पानावर मिसळलेली. हे मला तारखांवरून कळले, कारण काही अभिप्राय नवी आवृत्ती बाजारात येण्याच्या आधीचे होते. कोणत्याही लेन्सचे रेटिंग पाहताना ही मिसळ झालेली नाही ना, हे मी आता सर्वांत आधी तपासते.

चाळीस ओळी वहीत आल्यावर मात्र चित्र बदलले. परस्परविरोधी वाटणारी विधाने रकान्यांत बसवली की त्यांतला विरोध विरघळू लागला.

पहिला रकाना अंतराचा. पिसाचे तंतू दिसतात म्हणणाऱ्याने लिहिले होते की पक्षी त्याच्या खिडकीबाहेर, चारपाच मीटरवर होता. धुक्याची तक्रार करणाऱ्याचा पक्षी मोकळ्या मैदानापलीकडे बसला होता आणि फोटो भर दुपारचा होता. मी माझ्या कॅमेऱ्यापुरता हिशेब मांडला. माझ्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा आहे. ३०० मिमीच्या लेन्सने २० मीटरवरच्या वस्तूचा फोटो घेतला, तर एका पिक्सेलमध्ये वस्तूचा सुमारे ०.२६ मिमी भाग मावतो. पंधरा सेंटिमीटर लांबीचा पक्षी या हिशेबाने सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत सहाशे पिक्सेलसुद्धा व्यापत नाही. तोच पक्षी पाच मीटरवर असेल तर तेविसशे पिक्सेल व्यापतो. चौपट अंतरावरून घेतलेला फोटो कापून मोठा केला की पिसे दिसणारच नाहीत, मग पुढे कितीही उत्तम लेन्स असो. त्यात भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा असते. कमी-अधिक तापमानाच्या हवेच्या थरांतून प्रकाश वेडावाकडा वळत येतो आणि तपशील थरथरून पुसट होतो. ते धुके खरेच होते, पण लेन्सच्या पुढ्यातल्या हवेतले होते. मैदानापलीकडच्या त्या फोटोत पक्ष्यामागच्या कुंपणाची सरळ तार मी मोठी करून पाहिली तेव्हा ती पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी नागमोडी झालेली दिसली. काचेच्या दोषाने सरळ तार अशी ठिकठिकाणी लहरत नाही.

दुसरा रकाना कॅमेऱ्याचा. यात मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. "सॉफ्ट" असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक डीएसएलआरवाले होते. एका तीन स्टारच्या अभिप्रायासोबत फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो होता. डोळा पुसट, चोच पुसट, छातीची पिसे लोकरीच्या गोळ्यासारखी. पण त्याच फोटोत, पक्ष्याच्या मागे दोनतीन इंचांवर असलेल्या फांदीच्या सालीवरची एकेक भेग स्वच्छ उमटली होती. म्हणजे लेन्सला तपशील टिपता येत होता, तिने तो नको त्या ठिकाणी टिपला होता. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. आरशामागून वळवलेला प्रकाश त्याच्यावर पडतो आणि फोटो मात्र मुख्य सेन्सरवर उमटतो. या दोन मार्गांच्या लांबीत किंवा लेन्स-कॅमेऱ्याच्या जुळणीत किंचित फरक असला तरी फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. ३०० मिमीला, एफ/५.६ वर, पाच मीटरवरच्या विषयासाठी एपीएस-सी सेन्सरवर मिळणारी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, सर्वसाधारण निकषाने सहा सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे पुढे-मागे जेमतेम तीन-तीन सेंटिमीटर. तेवढी चूक झाली की डोळा गेला. वरच्या श्रेणीतल्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये ही चूक मोजून सुधारण्याची सोय असते, स्वस्त बॉडींमध्ये बहुधा नसते. त्यामुळे एकाच लेन्सचे एकाच प्रकारचे दोन नग घेणारे दोघेजण, आपापल्या बॉडीमुळे, दोन टोकांची मते प्रामाणिकपणे लिहू शकतात.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे अशी कायमची पुढे-मागे होणारी चूक उद्भवत नाही. माझ्या चाळीस ओळींपैकी ज्या अकरा तक्रारी सरळसरळ फोकसच्या होत्या, त्या माझ्यासाठी एका फटक्यात गळून पडल्या. त्याऐवजी ॲडॅप्टरवर फोकस किती वेगाने होतो हा नवा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर बोलणारे चौघेच होते. चौघेही बसलेल्या पक्ष्यासाठी समाधानी होते, उडत्या पक्ष्यासाठी एकही नव्हता. चारच साक्षी, पण चौघांचे एकमत आणि चौघांचीही परिस्थिती माझ्यासारखीच. नऊशे जणांच्या सरासरीपेक्षा मला या चौघांचा आधार जास्त वाटला.

तिसरा रकाना सेन्सरच्या आकाराचा. कोपरे वाईट आहेत, ही तक्रार वारंवार येत होती आणि ती करणारे जवळजवळ सगळे फुल-फ्रेम, म्हणजे माझ्यापेक्षा मोठ्या सेन्सरचे कॅमेरे वापरत होते. फुल-फ्रेमचा कोपरा केंद्रापासून सुमारे २१.६ मिमीवर असतो, माझ्या सेन्सरचा सुमारे १४ मिमीवर. लेन्सच्या प्रतिमेचा जो बाहेरचा भाग त्यांना छळत होता, तो माझ्या फोटोत येतच नाही. पण याची दुसरी बाजूही आहे आणि एपीएस-सीवाले लोक ती फारशी सांगत नाहीत. माझे पिक्सेल लहान आहेत. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो. माझ्याएवढे दाट पिक्सेल फुल-फ्रेमवर पसरले तर ते सुमारे ५६ मेगापिक्सेल होतील. म्हणजे केंद्रभागात मी लेन्सकडून त्यांच्यापेक्षा बरेच जास्त मागत असते. शंभर टक्के मोठे करून पाहिल्यावर त्यांना जी लेन्स शार्प दिसते, ती मला थोडी मऊ दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

बाकीचे रकाने लवकर उरकले. दोघांनी लेन्सवर स्वस्त फिल्टर चढवलेला होता आणि तो काढल्यावर फरक पडला असे त्यांनीच नंतर जोडले होते. पाचसहा जणांचा शटर स्पीड १/१२५ किंवा त्याहून कमी होता. स्टॅबिलायझेशनने हाताचा कंप सावरतो, पण मान वळवणारा पक्षी स्थिर होत नाही. एकाने ट्रायपॉडवरही स्टॅबिलायझेशन चालू ठेवले होते आणि काही लेन्समध्ये त्यानेच उलट प्रतिमा हलते.

एवढे झाल्यावर मी उत्पादकाचा एमटीएफ आलेख, म्हणजे लेन्स तपशील किती स्पष्ट उतरवते ते दाखवणारा आलेख, उघडला. आधी तो मला न कळणाऱ्या रेघांचा गुंता वाटायचा. आता त्यातले वाचायचे ते नेमके ठाऊक होते. आडव्या अक्षावर केंद्रापासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये, उभ्या अक्षावर कॉन्ट्रास्ट, १० रेषा प्रति मिमीची वक्ररेषा ढोबळ कॉन्ट्रास्टसाठी आणि ३० रेषांची बारीक तपशिलासाठी. मी ३०० मिमीचा आलेख घेऊन १४ मिमीवर एक उभी रेघ मारली. त्या रेघेच्या डावीकडे ३० रेषांची वक्ररेषा हळूहळू उतरत होती, उजवीकडे ती कोसळत होती. कोपऱ्यांविषयी भांडणारे दोन्ही गट त्या एका आलेखात दिसत होते. मात्र या आलेखाची एक मर्यादा मी वहीत ठळक अक्षरांत लिहिली: अनेक उत्पादक असा आलेख रचनेवरून गणिताने काढतात, हातात येणारा नग मोजून नव्हे. डीएक्सओमार्कसारख्या संस्था लेन्स प्रत्यक्ष मोजतात, पण त्यांचा गुणही ज्या कॅमेऱ्यावर चाचणी झाली त्याच्याशी जोडलेला असतो, त्यामुळे दोन वेगळ्या बॉडींवरच्या लेन्सचे गुण शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते.

नगानगांतल्या फरकाबद्दल मला खरी दृष्टी मिळाली ती लेन्सरेंटल्स या लेन्स भाड्याने देणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या मोजमापांतून. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच लेन्सचे अनेक नग, बऱ्याचदा दहा-दहा, ऑप्टिकल बेंचवर मोजून त्यांची सरासरी आणि त्यांच्यातला फरक प्रसिद्ध केला. एकाच मॉडेलचे दोन नग तंतोतंत सारखे नसतात, हे त्या आलेखांत डोळ्यांनी दिसते. लेन्समध्ये दहापंधरा काचा असतात, झूममध्ये त्यांतले काही गट पुढे-मागे सरकतात. एखादी काच अक्षापासून किंचित ढळली किंवा कलली की प्रतिमेची एक बाजू दुसरीपेक्षा मऊ होते. याला डीसेंटरिंग म्हणतात. माझ्या वहीत सात जणांनी "डावीकडे बरी, उजवीकडे वाईट" अशा आशयाचे काहीतरी लिहिले होते. पूर्वी मी त्यांना चिकित्सक म्हणून सोडून दिले असते. आता माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार होते, कारण रचनेतला दोष चारी बाजूंना सारखा पडतो आणि नगातला दोष एका बाजूला पडतो. हा फरक त्यांनी नकळत नोंदवला होता.

पाचव्या आठवड्यात मी लेन्स मागवली आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी पाहून ठेवले.

चाचणी मी सूर्य वर येण्याआधी घेतली, जमीन तापायच्या आत. सुमारे ४० मीटरवरच्या इमारतीला एक खिडकी आहे, तिला बारीक तारांची जाळी आहे. या अंतरावर एका पिक्सेलमध्ये अर्धा मिलिमीटर मावतो, त्यामुळे जाळीची तार माझ्या सेन्सरला जेमतेम वेगळी दिसणार होती आणि चाचणीला तेच हवे होते. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, इलेक्ट्रॉनिक शटर, दोन सेकंदांचा टायमर, फोटो रॉमध्ये. स्क्रीनवर दृश्य मोठे करून हाताने फोकस केला. तीच जाळी आधी मध्यभागी, मग डाव्या कडेला, मग उजव्या कडेला आणली आणि प्रत्येक जागी दोन प्रकारे फोटो घेतले: एकदा मध्यभागी केलेला फोकस तसाच ठेवून, एकदा त्या जागी नव्याने फोकस करून. प्रत्येक वेळी तीन-तीन फोटो, कारण एका फोटोवर मी आता कशाचाच निर्णय देत नाही.

मध्यभागी एफ/८ वर जाळीची प्रत्येक तार सुटी होती. डाव्या कडेला थोडी मऊ, पण मोजता येत होती. उजव्या कडेला तारांच्या जागी राखाडी पट्टा होता आणि उभ्या तारांना बाजूला ओढल्यासारखी दुहेरी कड आली होती. नव्याने फोकस केल्यावर तो पट्टा थोडा सुधारला, पण डाव्या बाजूच्या जवळपासही आला नाही. ही गोष्ट निर्णायक होती. ॲडॅप्टर किंचित तिरका बसला असता किंवा सेन्सर कललेला असता, तर फक्त फोकसचे अंतर बदलले असते आणि नव्याने फोकस केल्यावर ती कड बरीचशी साफ झाली असती. खात्रीसाठी त्याच ॲडॅप्टरवर माझी जुनी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावून तीच चाचणी घेतली. दोन्ही कडा सारख्या आल्या. दोष नव्या लेन्सच्या आत होता.

विक्रेत्याने आधी कळवले की लेन्स ठरलेल्या मर्यादेत आहे आणि फोटोंत दोष दिसत नाही. मी दोन्ही कडांचे एकाच जाळीचे, एकाच अपर्चरचे तुकडे शेजारी-शेजारी लावून पाठवले, सोबत चाचणीची पद्धत सहा ओळींत लिहिली. तीन दिवसांनी बदली नग मंजूर झाला. नुसते "लेन्स सॉफ्ट आहे" एवढेच लिहिले असते तर तो मिळाला असता असे मला वाटत नाही. त्या शब्दांतून समोरच्याला तपासण्याजोगे काहीच मिळत नाही.

दुसऱ्या नगाच्या दोन्ही कडा सारख्या होत्या. ७० ते २०० मिमीपर्यंत ही लेन्स सर्वांत मोठ्या अपर्चरपासूनच उत्तम चालते. ३०० मिमीला एफ/५.६ वर उजळ कडांभोवती हलकी प्रभा येते आणि कॉन्ट्रास्ट उतरतो. एफ/८ ला ती प्रभा जाते आणि जाळी सुटी होते. एफ/११ ला पुन्हा किंचित मऊपणा येतो, पण तो विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा: त्या अपर्चरला प्रकाशबिंदूची चकती सुमारे १५ मायक्रॉनची होते आणि माझे पिक्सेल ३.९ चे आहेत. तेव्हा ३०० मिमीला ही लेन्स सॉफ्ट आहे का, या प्रश्नाचे माझ्या कॅमेऱ्यापुरते उत्तर असे निघाले: एफ/५.६ ला थोडी आहे, एफ/८ ला नाही आणि वीस मीटरपलीकडच्या लहान पक्ष्यासाठी हा प्रश्नच गैरलागू आहे.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मी अभिप्राय लिहायला बसले. स्टारची संख्या भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, म्हणून चार भरले. त्याखाली लिहिले की पहिला नग उजव्या कडेला सदोष होता आणि बदलून मिळाला, दुसऱ्याची चाचणी २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी मिररलेसवर, ॲडॅप्टरसह, ट्रायपॉडवर, ४० मीटरवरच्या जाळीवर, पहाटे घेतली. ७०, २०० आणि ३०० मिमीला कोणत्या अपर्चरला काय दिसले, तेही लिहिले. उडत्या पक्ष्यांबद्दल त्या चौघांचे म्हणणे मलाही तसेच आढळले, हे शेवटी जोडले. मग सहा मीटरवर बसलेल्या पक्ष्याचा एक फोटो लावला, ३०० मिमी, एफ/८, १/१००० सेकंद, न कापलेला. त्यानंतर वही उघडून चाळिसाव्या ओळीखाली एक्केचाळिसावी ओळ म्हणून माझा अभिप्राय उतरवला आणि सगळे रकाने भरले.